बिनकडीचं दार

गावात कोणालाही विचारा, ताईचं घर कुठलं, तर तो हातातलं काम टाकून तुम्हाला थेट दारापर्यंत पोचवून येईल. वर सांगेलही, "वाजवायचं नाही हं. नुसतं ढकलायचं." आणि सांगताना चेहरा असा करेल, की ते दार जणू त्याच्याच आजोबांनी बसवलंय.

ताई शिवणकाम करायची. नवे कपडे नव्हे. नवे कपडे शिवणारे पैशाला पासरी होते. ताई जुने कोट उलटवायची. कोट वापरून वापरून विटला, कोपरांवर चकाकायला लागला, की तो सगळा उसवायचा, कापडाची आतली बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायचा. आतल्या बाजूने कधी ऊन पाहिलेलं नसतं, त्यामुळे काम नीट झालं तर कोट नवाकोरा दिसतो. एवढंच, की छातीवरचा खिसा डावीकडचा उजवीकडे जातो आणि बटणं बायकांच्या कोटासारखी उलट्या बाजूला येतात. युद्धानंतर कित्येक वर्षं गावातल्या निम्म्या पुरुषांचे खिसे उजवीकडे होते. कोण कोणाला हसणार?

आता ही बाई ताई कशी झाली, ते सांगतो. जन्मतः ती फक्त एकाची ताई होती, तिच्या धाकट्या भावाची. त्याने पुस्तक लिहिलं आणि ती सगळ्यांची ताई झाली. ऐंशीचे म्हातारेसुद्धा काठी टेकत यायचे आणि म्हणायचे, "ताई, तेवढा कोट बघ गं."

पुस्तकात असं आहे, की ताईचं लग्न ठरतं, नवरा मुलगा युद्धावर जातो आणि बेपत्ता होतो. तो परत येईल तेव्हा त्याला दार वाजवत उभं राहावं लागू नये, म्हणून ताई स्वतःच्या हाताने दाराची कडी काढून टाकते. मग ती त्या दाराशी शिवत बसते. केस पांढरे होतात. शेवटच्या पानावर दार ढकललं जातं, ती उठते, तर वारा असतो. हे वाचून रडला नाही असा माणूस गावात नव्हता. एक ताई सोडून.

कारण खरं काय झालं होतं ते तिला माहीत होतं ना!

खरं असं, की लग्न मोठ्यांनी ठरवलं होतं. मुलाला तिने दोन-तीनदा पाहिलं, तेही चार माणसांत, चहाचा ट्रे हातात असताना. तिला त्याचे कान आठवत होते. मोठे होते आणि लाल झाले होते. बाकी चेहरा आठवायला गेलं की भावाने पुस्तकात लिहिलेला चेहरा समोर यायचा. तो बेपत्ता झाल्याचं कळलं तेव्हा ती रडली, पण गल्लीतल्या कुठल्याही पोरासाठी रडली असती तशी. त्याच्यामागे जन्म काढावा एवढी ओळखच झाली नव्हती.

आणि कडी? कडी वडिलांनी काढली होती. युद्धासाठी लोखंड गोळा करायला माणसं गल्लीत आली, तेव्हा लोकांनी तुटके गज दिले, गंजलेली घमेली दिली. वडिलांचा स्वभाव म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्यांनी सगळ्यांच्या देखत दाराची कडी उपटून दिली. आई म्हणाली, "अहो, चोर आले म्हणजे?" वडील म्हणाले, "चोरही युद्धावर गेलेत." गल्ली हसली. त्या कडीची गोळी झाली की बंदूक, देव जाणे. वडील त्याच हिवाळ्यात गेले.

मग युद्ध संपलं, बाजारात पुन्हा कड्या आल्या, ज्याने त्याने आपापल्या दाराला बसवल्या. आईही आणणार होती. पण तोवर भाऊ युद्धावरून परत आला होता. एका खंदकात तो ढिगाऱ्याखाली गाडला गेला होता आणि कोणीतरी उकरून काढला होता. तो बोलायचा नाही. खोलीचं दार बंद झालं की मात्र ओरडायचा. असा ओरडायचा, की समोरच्या काकू पदराने कान झाकून घ्यायच्या. तेव्हा आई म्हणाली, राहू दे ती कडी. दार अर्धवट उघडं ठेवायचं आणि त्याला दिसेल असं ताईने तिथे मशीन घेऊन बसायचं. म्हणजे ताई दाराशी बसली ती भावासाठी.

मग एक दिवस तो लिहायला लागला. लिहिता लिहिता बोलायला लागला. पुस्तक निघालं, गाजलं, आणि तो मोठ्या शहरात राहायला गेला. पुस्तकात त्याने खंदक लिहिला नाही, ओरडणं लिहिलं नाही. दार तेवढं लिहिलं आणि ते आपल्या बेपत्ता मित्राच्या, म्हणजे ताईच्या त्या ठरलेल्या नवऱ्याच्या नावावर केलं.

ताईने पुस्तक वाचलं आणि आईला म्हणाली, "हे सगळं खोटं आहे गं."

आईने तिचे हात धरले. "असू दे. ते लिहून माझं पोर बोलायला लागलंय. तू त्याला खोटं पाडू नकोस. मी असेपर्यंत तरी नको."

आई पुढे बरीच वर्षं होती. आणि आई गेली तेव्हा खोटं पाडायला उशीर झाला होता.

लोक लांबून यायचे. दार ढकलायचे, उंबऱ्यात उभे राहायचे, डोळे पुसायचे. कोणी वाजवायचं नाही, कारण वाजवलं तर गंमत काय राहिली? गल्लीतल्यांनाही तीच सवय लागली. कोट टाकायला आले तरी ढकलून आत. न्हाणीतून बाहेर यायची सोय नाही, दोन घास सुखाने खायची सोय नाही. रात्री ती पत्र्याची जड ट्रंक सरकवून दाराला लावायची. ते मात्र पुस्तकात नाही!

आणि लग्न? अहो, ज्या बाईला अख्खं गाव ताई म्हणतं, तिला मागणी कोण घालणार? गावभर भाऊच भाऊ. एक शाळामास्तर पूर्वी दोनदा चहाला येऊन गेले होते, चांगले रंगात येऊन बोलले होते. पुस्तक निघाल्यावर तिसऱ्यांदा आले ते पुस्तकाची प्रत घेऊन. म्हणाले, "ताई, यावर सही द्याल?" तिने दिली. दुसरं काय करणार?

एकदा तिला जबर ताप भरला. पलंगावर पडून होती, घसा कोरडा पडला होता, उठवत नव्हतं. तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि एक नवरा-बायको आत डोकावले. तिला वाटलं, चला, देवच पावला, पाणी मागावं. पण त्या बाईने तोंडावर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "बघा ना, वाट बघून बघून काय झालंय." आणि दोघांनी दार अलगद ओढून घेतलं आणि पाय न वाजवता निघून गेले. ताईला त्या दिवशी जितकं एकटं वाटलं तितकं आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

पाणी दिलं बूटवाल्याने.

बूटवाल्याचं दुकान मागच्या गल्लीत होतं. बूट शिवणं, टाचा बसवणं, तळ बदलणं. सुया जाड असतात आणि दोरा मेणाचा, एवढं सोडलं तर त्याचं आणि ताईचं काम एकच. बायको वारून बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन बंदराच्या गावी गेली होती. त्या दिवशी तो अस्तर बदलायचा कोट टाकायला आला होता. त्याने तिला एकदा बघितलं, कोट खुंटीला अडकवला, पाणी पाजलं, डॉक्टरला आणलं आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिला. बसल्या बसल्या तिची चप्पल दुरुस्त करून टाकली. हात रिकामे ठेवायची सवय नाही.

गावात तिला ताई न म्हणणारा तो एकटा. तो म्हणायचा, "काय कोटवाल्या बाई, आज काय उसवताय?" त्याची चाहूल तिला गल्लीच्या तोंडापासून कळायची. दुसऱ्यांचे बूट शिवणाऱ्याचे स्वतःचे बूट कसे असायचे? उजव्याचा तळ सुटलेला. चालताना फटक, फटक वाजायचा. तो आवाज आला की ती केस सारखे करायची आणि मग स्वतःवरच चिडायची, की बाई गं, वय काय तुझं!

एकदा तिने विचारलं, "तुम्ही ते पुस्तक वाचलंत?"

"नाही."

"का?"

"मी तिथे होतो. पुन्हा कशाला जाऊ?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "मी काही लढलो नाही. मागे बसून बूट शिवायचो. जे गेले त्यांचे बूट काढून आणायचे आणि मी ते नीट करून जे राहिलेत त्यांना द्यायचो. काही बूट माझ्याकडे चार-पाच वेळा आले. दर वेळी पाय वेगळे."

तिने त्याच्यापुढे चहा सरकवला.

तर हा बूटवाला दुकान बंद करून मुलीकडे निघाला. लोक आता बूट शिवून घेत नव्हते, नवेच घ्यायचे. मुलीने घराच्या खालीच गाळा बघून ठेवला होता. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो आला, मशीनसमोर उभा राहिला आणि टोपी हातात धरून तिची कड चाचपायला लागला. ताईला वाटलं, टोपीची कड उसवली असेल.

"बाई, मी उद्या दुपारच्या गाडीने जातोय."

"माहीत आहे. तुमचा कोट उलटवून सकाळी तयार होईल."

"गाळा दोघांना पुरेल एवढा आहे. एका बाजूला बूट, एका बाजूला कोट. मुलीला मी विचारलंय. ती म्हणाली, बाबा, एवढी वर्षं काय झोपला होतात?" त्याचे कानही लाल झाले होते. ताईच्या ते लक्षात आलं आणि तिला हसू की रडू कळेना. "जायच्या आधी मी तुम्ही दुरुस्तीला दिलेले बूट घेऊन येतो. नवा तळ बसवलाय. यायचं असेल तर ते घाला आणि चला. नसेल तर काही बोलू नका. कोट तेवढा द्या. मला नाही म्हणून घ्यायला जमत नाही, मी आपला गुपचूप जाईन."

एवढं बोलून तो गेला. फटक, फटक, फटक. ती दाराशी उभी राहून ऐकत राहिली.

उत्तर काय द्यायचं ते तिला उभ्या उभ्या कळलं होतं. एकच गोष्ट आडवी येत होती, आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आली. भाऊ.

नगरपालिकेने दारावर पितळी पाटी लावायचं ठरवलं होतं. समारंभ दोनच दिवसांवर आला होता, पाहुणे येणार होते, त्यासाठी भाऊ आला होता. त्याने दार ढकललं, आत आला, मशीनशेजारच्या स्टुलावर बसला. पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. अजूनही तो असाच बसायचा.

"भाऊ, मी जातेय," ताई म्हणाली. आढेवेढे तिला येत नव्हते. "आज दुपारी. बूटवाल्याबरोबर. लग्न करणार आहे."

भावाने दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "परवा पाटी आहे, ताई."

"मग लावा की. दार काही मी बरोबर नेत नाही."

"लोक दाराला नाही, तुला भेटायला येतात. शाळेतली पोरं तुझ्यावर निबंध लिहितात. तू गेलीस तर त्या पुस्तकाचं काय? ज्यांची माणसं परत आली नाहीत त्यांना काय वाटेल? तू त्यांच्यासाठी…"

"मी त्यांच्यासाठी काय केलं रे? कोट उलटवले." आता मात्र तिचा आवाज चढला. "तुला आठवत नसेल तर सांगते. त्याची वाट मी बघितलीच नाही. मी तुझी बघितली. तू गेलास तेव्हा तुझी, आणि तू आलास तरी तुझीच. तू त्या पलंगावर बसून भिंतीकडे बघायचास आणि मी इथे बसून तू कधी बोलशील याची वाट बघायचे. ते लिहायचं होतंस!"

भावाने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

"लाज वाटली," तो म्हणाला. "मी आलो, तो आला नाही. तो माझ्या शेजारी होता, ताई. परत आलेल्याने कुठल्या तोंडाने रडायचं? म्हटलं, माझं जे आहे ते त्याला देऊन टाकावं. माझ्याकडे एकच गोष्ट होती. तिकडे असताना डोळे मिटले की मला हे दार दिसायचं, आणि तू."

ताईला भरून आलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याला जवळ घ्यावं असं वाटलं, आणि घेतलंही असतं. पण तिच्या तोंडून भलताच प्रश्न निघाला.

"तुझ्या शहरातल्या घराला कडी आहे?"

"आहे."

"किती?"

तो ओशाळला. "दोन. आणि एक साखळी."

ती हसली. तोही हसला, कसंनुसं. मग उठला, तिच्या पायांकडे बघत म्हणाला, "मी पालिकेत जाऊन येतो. पाटीचं काय करायचं ते बघतो." दारात थांबून म्हणाला, "चांगला माणूस आहे ना गं?" आणि उत्तराची वाट न बघता गेला.

तो गेल्यावर ताईने बटणांचा डबा उघडला. तळाशी एक कडी होती. आई गेल्यावर घेतली होती, इतकी वर्षं बटणांखाली पडून होती. मशीनचा छोटा पेचकस घेऊन ती दाराशी गुडघे टेकून बसली. चौकटीवर जुन्या कडीची भोकं तशीच होती. तिने कडी बसवली, लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावली. कटक.

तुम्ही म्हणाल, जायला निघालेल्या बाईला कडी कशाला? तर तिची एक हौस होती. साधी, पोरकट म्हणा हवं तर. आयुष्यात एकदा कोणीतरी आपलं दार वाजवावं, आपण आतून "आले हं!" म्हणावं, उठावं आणि आपल्या हाताने उघडावं. कोणासाठी उघडायचं ते तिने ठरवलं होतं. तेच तिचं उत्तर. तिने कडी लावली, पिशवी भरली, पायांत जाड मोजे घातले आणि त्याचा कोट मांडीवर घेऊन शेवटचं बटण पक्कं करत बसली.

पाटीच्या समारंभासाठी सकाळपासूनच पाहुणे यायला लागले होते, हे सांगायचं राहिलं. कडी लावल्यावर लगेचच दोघांनी ढकलून पाहिलं, काहीतरी कुजबुजले आणि गेले. ताईला काय आनंद झाला! बसा ढकलत, ती मनात म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा दार ढकललं गेलं, हलकेच. दार हललं, पण कडीने दाद दिली नाही. तिने कान टवकारले. फटक फटक काही ऐकू आलं नव्हतं. म्हणजे तो नाही. पुन्हा एकदा ढकललं गेलं, आणखी हलकेच. मग बाहेर कोणीतरी नुसतं उभं होतं. ताईने दोरा दाताने तोडला आणि श्वास रोखून बसली, की जाईना का एकदाचं. मेला कोणी वाचक! पुस्तकातलं दार बंद बघून रडत असेल.

मग पावलं गेली. मऊ, नव्या तळाची, आवाज न करणारी पावलं.

ती वाट बघत बसली. कोट घडी करून ठेवला, उलगडला, पुन्हा घडी केली. एकदा उठून आरशात बघून आली. दुपारच्या गाडीचा भोंगा स्टँडकडून ऐकू आला तेव्हा ती जागच्या जागी उभी राहिली. आला नाही. एवढं बोलून गेला आणि आलाच नाही! मग रागाने तिने कडी काढली आणि दार उघडलं.

उंबऱ्यावर तिचे बूट होते. काळे, पॉलिश केलेले, नाडी बांधून शेजारी शेजारी ठेवलेले. तळ नवा.

समोरच्या काकू पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. "आहेस होय गं घरात?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, गेलीस भावाबरोबर. बूटवाला येऊन गेला. बिचारा दोनदा ढकलून बघत होता. मग उभाच राहिला. मग बूट ठेवले आणि गेला."

"काकू! अहो, त्याला सांगायचं नाही का, वाजव म्हणून?"

काकूंनी तिच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "तुझं दार वाजवतं का कोणी कधी? दार लावलंय म्हणजे बाईने नाही म्हटलं, असंच वाटणार ना माणसाला."

"त्याचे बूट वाजले नाहीत," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "त्याचे बूट वाजतात."

"आज नव्हते वाजत. मीच म्हटलं त्याला, अरे वा, स्वतःच्या बुटालाही तळ बसवलास? तर म्हणाला, हो काकू, आज कोणीतरी बरोबर चालेल असं वाटतंय, शोभायला नको का?"

ताई उंबऱ्यावर मटकन खाली बसली. इतकी वर्षं जो कोणी येईल त्याला दार उघडं होतं. पुस्तकवाल्यांना, रिकामटेकड्यांना, वाऱ्यालासुद्धा. आणि ज्याच्यासाठी उघडायचं त्याच्याच तोंडावर ते बंद झालं. तो ओरडला नाही, भांडला नाही. गुपचूप जाईन म्हणाला होता आणि गुपचूप गेला. ती रडली. पुस्तक वाचून न रडलेली बाई भर दुपारी उंबऱ्यावर बसून, बूट पोटाशी धरून हमसून हमसून रडली. पलीकडून दोन पाहुणे येत होते. ते हे दृश्य बघून जागीच थबकले आणि त्यांनी रुमाल काढले.

तेवढं मात्र पुरे झालं. ते रुमाल बघून ती उठली. नाक पुसलं. बूट घातले, नाड्या आवळल्या. आतून पिशवी आणि कोट घेतला आणि चालायला लागली.

"अगं ताई, दार उघडं राहिलं!" काकू ओरडल्या.

"राहू दे! भाऊ आला की सांगा, त्याला हवं तसं उघडं आहे."

स्टँडवर पोचली तेव्हा तिथे कोणी नव्हतं. दुपारची गाडी जाऊन बराच वेळ झाला होता. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, पुढची संध्याकाळी. तिने तिकीट काढलं. एकट्या माणसाचं, जायचं तेवढं. बाकावर बसली. पत्ता तिला माहीत नव्हता, पण बंदराच्या गावात बूटवाल्याचं दुकान शोधायला पत्ता कशाला लागतो? गाळा नवा असेल, दार बंद असेल. असू दे बंद. जाऊन वाजवायचं. दोन्ही हातांनी, अख्खी गल्ली बाहेर येईपर्यंत वाजवायचं. आणि तोही आपल्यासारखा आत गुपचूप बसून राहिला तर? तो तसाच आहे. तर आणखी वाजवायचं.

ऊन उतरलं तसा गारवा सुटला. तिने त्याचा कोट अंगात घातला. बटणं तिच्या बाजूला होती, हाताला बरोबर लागली.

समोर शहराकडून आलेली गाडी थांबली. तिच्यातून समारंभाचे पाहुणे उतरले, फुलं घेऊन, पुस्तकं घेऊन. एका तरुण बाईने ताईला ओळखलं. पुस्तकाच्या मागे फोटो होता ना. ती लगबगीने जवळ आली, पुरुषाच्या कोटातल्या त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईकडे बघून तिचे डोळे भरून आले.

"ताई! तुम्ही इथे? आम्ही तुमच्या दाराला हात लावायला आलोय."

"जा की. उघडंच आहे."

"आणि तुम्ही… इथेसुद्धा…" तिने हातातलं पुस्तक छातीशी धरलं. "इथेसुद्धा वाट बघताय?"

"हो," ताई म्हणाली. "गाडीची."

आणि ती जरा सरकून बसली, म्हणजे रस्त्याचं वळण नीट दिसेल.